घाट चढायचा की बोगदा काढायचा: दोन अनीलिंगची तुलना आणि वेळेचा हिशेब

सोन्याची तार पोलादी पट्टीच्या भोकांतून ओढत नेली की कडक होत जाते आणि शेवटी तुटते. म्हणून म्हापशाच्या बाजारातला शेट ती मध्येच तांबूस होईपर्यंत तापवतो. तापवून निववण्याच्या या क्रियेला अनीलिंग म्हणतात. नंतर ती कशी निवते याची त्याला फारशी फिकीर नसते, बहुतेक वेळा पाण्यात बुडवली तरी चालते. पोलादाचं तसं नाही. पटकन थंड केलं तर ते ठिसूळ होतं, भट्टीतच हळूहळू निवू दिलं तर मऊ राहतं. संगणकावरचं अनीलिंग, म्हणजे याच धर्तीवर कोड्याचं सर्वांत चांगलं उत्तर शोधणं, या दुसऱ्या जातीचं आहे. तिथे ‘जितकं हळू तितकं उत्तर चांगलं’ हे खरं असतं, पण उष्मीय आणि क्वांटम या त्याच्या दोन पद्धतींची तुलना करताना हेच वाक्य दगा देतं. हळू करण्याची किंमत वेळेत मोजावी लागते, आणि तुलना तर वेळेचीच असते.

गोव्यातल्या ताळगावच्या पठारावर भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करणारे असोत की फर्मागुडीला इंजिनिअरिंग करणारे, ८ जीबी मेमरीचा लॅपटॉप आणि सी किंवा पायथॉनची ओळख असेल तर इथलं सगळं घरी करता येतं. खरं क्वांटम यंत्र फक्त शेवटच्या टप्प्यात लागतं, तेही इंटरनेटवरून.

कोडं कुठलं घ्यायचं

देवळातल्या महाप्रसादाला पंगती दोनच आहेत आणि तिघांचं एकमेकांशी वाकडं आहे. कसंही बसवा, दोघे एका पंगतीत येणारच. स्पिन ग्लास म्हणजे अशाच परस्परविरोधी जोडण्यांच्या चुंबकांचं प्रारूप, आणि त्यातलं ‘फ्रस्ट्रेशन’ म्हणजे नेमकं हेच. प्रत्येक स्पिन +१ किंवा −१, म्हणजे ही पंगत किंवा ती. दोन शेजाऱ्यांमधली जोडणी धन असेल तर त्यांना एकत्र बसायचंय, ऋण असेल तर वेगळं. ऊर्जा म्हणजे सगळ्या जोड्यांवर (जोडणी × पहिला स्पिन × दुसरा स्पिन) यांची बेरीज, उणे चिन्ह लावून. ही ऊर्जा सर्वांत कमी करणारी बैठक शोधायची.

जोडण्या नुसत्या ±१ घेतल्या की कोडं सोपं होतं. किमान ऊर्जेच्या बैठका ढीगभर असतात आणि त्यांतली एखादी कुणालाही सापडते. उलट गॉसियन वितरणातून दशांशातल्या जोडण्या घेतल्या तर खऱ्या यंत्राला त्या तितक्या अचूक बसवता येत नाहीत, आणि मग यंत्र तुमचं कोडं सोडून त्याच्या शेजारचं कोडं सोडवतं. मधला मार्ग म्हणून जोडण्या ±५, ±६, ±७ यांतून समान शक्यतेने निवडा. सगळं पूर्णांकांत राहतं, एकसारख्या किमान बैठका बऱ्याच घटतात, आणि यंत्रासाठी ७ ने भागल्यावर दोन किमतींमधलं अंतर सुमारे ०.१४ उरतं.

जाळी दोन प्रकारची घ्या: १६ × १६ ची सपाट जाळी (२५६ स्पिन) आणि ५ × ५ × ५ ची घन जाळी (१२५ स्पिन), दोन्हींच्या कडा मोकळ्या. सपाट जाळीवरच थांबलात तर निष्कर्ष लंगडा राहील. दोन मितींत स्पिन ग्लासचं संक्रमण (स्पिन आपापल्या जागी गोठणं) शून्य तापमानालाच होतं. वाटेत गोठून बसण्याची जागा नसल्याने उष्मीय पद्धत तिथे आरामात खाली उतरते. क्वांटम अनीलिंगची यंत्रं बनवणाऱ्या डी-वेव्ह कंपनीच्या जुन्या ‘कायमेरा’ जाळीचाही हाच दोष होता. २०१४ साली कात्झग्राबर, हम्झे आणि आंद्रिस्त यांनी तो दाखवला, तेव्हा त्या जाळीवरच्या अनेक चाचण्या मुळातच सोप्या होत्या हे लक्षात आलं. तीन मितींत ±१ जोडण्यांचं संक्रमण साधारण १.१ तापमानाला होतं. खरी डोकेदुखी त्याच्या खाली सुरू होते.

प्रत्येक आकाराची किमान १०० कोडी बनवा आणि प्रत्येकाचा बीजांक (रँडम सीड) फाइलमध्ये लिहून ठेवा.

खरं उत्तर आधीच हाताशी ठेवा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. ‘दोन्ही पद्धतींना मिळालेली सर्वांत कमी ऊर्जा’ हीच किमान ऊर्जा धरून चालतात. दोघींनाही चकवणारं कोडं असेल तर ते कधी कळतच नाही.

सपाट जाळीसाठी सोपा उपाय आहे. स्पिन एकेक करून जोडत जा आणि फक्त आघाडीच्या १६ स्पिनांच्या सगळ्या शक्यता लक्षात ठेवा. त्या ६५,५३६ होतात. नवा स्पिन आला की तो आपल्या बरोबर वरच्या स्पिनची जागा घेतो. जुन्याच्या दोन किमतींपैकी जी कमी ऊर्जा देईल ती ठेवायची. २५६ पावलांत, साडेतीन कोटींहून कमी तुलनांत, अचूक किमान ऊर्जा मिळते. घन जाळीत आघाडी ५ × ५ = २५ स्पिनांची, म्हणजे ३,३५,५४,४३२ शक्यता. प्रत्येकीला १६ बिटांचा पूर्णांक पुरतो, कारण एकूण जोडण्या ३०० आणि ऊर्जा ±२१०० च्या पलीकडे जाऊ शकत नाही. एक यादी ६४ एमबीची, दोन लागतात. ८ जीबीत हे सहज मावतं. कडा गुंडाळलेल्या घेतल्या असत्या तर पहिली ओळही लक्षात ठेवावी लागली असती आणि हा हिशेब हाताबाहेर गेला असता. मोकळ्या कडा त्यासाठीच.

हा कोड बरोबर आहे का हे ४ × ४ वर सगळ्या ६५,५३६ बैठका मोजून ताडून पाहा. चूक निघाली तर बहुतेक वेळा ती कडेच्या स्पिनांत असते: नसलेला शेजारी धरलेला असतो.

उष्मीय पद्धत: घाट चढून पलीकडे

१९५३ ची मेट्रोपोलिस पद्धत आणि १९८३ साली कर्कपॅट्रिक, जेलाट व वेक्की यांनी तिला दिलेलं थंड होणारं तापमान, एवढंच हिचं भांडवल. एक स्पिन उलटा करून पाहा. ऊर्जा कमी झाली तर बदल ठेवा. वाढली तर ई चा (−वाढ ÷ तापमान) इतका घात जी शक्यता देईल तितक्या वेळा ठेवा. सगळे स्पिन एकदा विचारून झाले की एक फेरी.

सपाट जाळीसाठी सुरुवात तापमान २० ला करा. तिथे निम्म्याहून अधिक बदल स्वीकारले जातात, त्याहून वर जाणं म्हणजे वेळ वाया. शेवट ०.५ ला. इथली सर्वांत लहान वाढ २ असते आणि ०.५ ला ती साधारण ५५ वेळांतून एकदाच स्वीकारली जाते. तापमान सरळ रेषेत उतरवण्याऐवजी त्याचा व्यस्त सरळ रेषेत चढवून पाहा. बऱ्याच कोड्यांवर हे जास्त फायद्याचं पडतं, कारण फेऱ्या थंड भागात अधिक खर्च होतात. १९८४ साली गेमन बंधूंनी दिलेली ‘उत्तर हमखास मिळेल’ ही हमी लॉगरिथमच्या गतीने थंड करण्यासाठी आहे. ती इतकी मंद की व्यवहारात कुणी वापरत नाही.

वेगासाठी तीन गोष्टी करा. प्रत्येक स्पिनवरचं स्थानिक क्षेत्र (त्याच्या शेजाऱ्यांच्या जोडणी × स्पिन यांची बेरीज) साठवून ठेवा आणि स्पिन उलटला तरच शेजाऱ्यांचं बदला. ऊर्जेची वाढ पूर्णांक आणि ५६ च्या आत असल्याने घातांकांचा तक्ता प्रत्येक तापमानाला एकदाच बनवा (घन जाळीत शेजारी सहा, म्हणून तक्ता ८४ पर्यंत). स्पिन यदृच्छेने निवडू नका, ओळीने घ्या. पायथॉनमध्ये नंबा (कोड संकलित करून वेगवान करणारं साधन) वापरत असाल तर घड्याळ लावण्याआधी फंक्शन एकदा नुसतंच चालवा. पहिल्या हाकेत संकलनाचा वेळ मिसळतो आणि छोट्या कोड्यांचे आकडे हास्यास्पद येतात. दर हजार फेऱ्यांनी ऊर्जा मुळापासून पुन्हा मोजा. साठवलेल्या ऊर्जेशी एकानेही फरक पडला तर क्षेत्र बदलताना कुठेतरी शेजारी चुकलाय.

‘क्वांटम’ म्हणजे नेमकं कुठलं?

इथे तीन वेगळ्या गोष्टी एकाच नावाने वावरतात.

तिन्हींची मूळ कल्पना एक. तापमानाऐवजी आडवं चुंबकीय क्षेत्र लावायचं, त्यामुळे स्पिन एकाच वेळी दोन्ही पंगतींत बसल्यासारखा होतो. मग ते क्षेत्र हळूहळू काढून घ्यायचं. स्पिन ग्लासमध्ये असं क्षेत्र अडथळ्यांतून वाट करून देऊ शकेल, हा विचार १९८९ साली कोलकात्याच्या बिकास चक्रवर्ती आणि सहकाऱ्यांनी मांडला. १९९८ साली कादोवाकी आणि निशिमोरी यांनी त्याला अनीलिंगचं रूप दिलं. अनमोडचा घाट चढण्याची किंमत उंचीवर ठरते, डोंगरातून बोगदा काढण्याची लांबीवर. अडथळा उंच आणि अरुंद असेल तर बोगदा स्वस्त. बुटका आणि रुंद असेल तर मुकाट घाट चढावा. कोड्याच्या पोटात कुठल्या जातीचे अडथळे आहेत, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं.

पहिली गोष्ट म्हणजे श्रोडिंजर समीकरण थेट सोडवणं. हे फक्त लहान कोड्यांना जमतं. २० स्पिनांना १६ एमबी पुरतात, २५ ना ५१२ एमबी लागतात आणि ३० ना १६ जीबी, म्हणजे तिथे लॅपटॉप हात टेकतो. ४ × ४ ची जाळी घ्या, जोडण्या ६ ने भागा. वेळेच्या प्रत्येक पावलात आधी ऊर्जेची कला (फेज) निम्मी, मग प्रत्येक स्पिनचं आडव्या क्षेत्राखालचं फिरणं, मग उरलेली निम्मी कला. पाऊल ०.०५ पासून सुरू करा. यात एक फसवी जागा आहे. एकूण शक्यता १ राहते म्हणून पाऊल ठीक आहे असं समजू नका. या रीतीत ती कितीही मोठ्या पावलाला १ च राहते. पाऊल निम्मं करून यशाची शक्यता बदलते का, हीच खरी परीक्षा.

ऊर्जेच्या सर्वांत खालच्या दोन पातळ्यांमधलं अंतरही इथेच मोजता येतं, आणि लागणारा वेळ साधारण त्या अंतराच्या वर्गाच्या व्यस्तात वाढतो. पण अंतर मोजायला गेलं की पहिल्याच दिवशी ते शून्य दिसतं आणि घबराट होते. कारण साधं आहे: सगळे स्पिन एकदम उलटे केले तरी ऊर्जा तीच, म्हणून शेवटी दोन पातळ्या एकत्र येणारच. एक स्पिन +१ ला खिळवून टाका. त्याच्या जोडण्या शेजाऱ्यांवरचं स्थिर क्षेत्र बनतात, १५ स्पिन उरतात आणि हे खोटं शून्य जातं. त्यानंतरही किमान बैठका एकाहून जास्त असतील तर अंतर मोजायचं ते शेवटी किमान न ठरणाऱ्या पहिल्या पातळीपर्यंतचं.

दुसरी गोष्ट नावाने क्वांटम, पण चालते पूर्णपणे साध्या संगणकावर. सुझुकी-ट्रॉटर रीतीने एका क्वांटम जाळीच्या जागी तिच्या अनेक साध्या प्रती थरांसारख्या रचतात आणि त्यांवर मेट्रोपोलिस चालवतात. प्रत्येक स्पिन वरच्या-खालच्या थरातल्या स्वतःच्याच प्रतीशी बांधलेला असतो, आणि शेवटचा थर पहिल्याशी. थर ३० आणि तापमान ०.२ घ्या, म्हणजे त्यांचा गुणाकार ६, चिन्ह सोडून जोडण्यांच्या सरासरीइतका. मेट्रोपोलिसला हाच ६ तापमान म्हणून द्यायचा. तिथे ०.२ टाकणं ही नेहमीची चूक आहे. थरांमधली जोडणी = −(६ ÷ २) × लॉग टॅनएच (क्षेत्र ÷ ६), लॉग नैसर्गिक. क्षेत्र १८ असताना ती ०.०१५, थर एकमेकांना ओळखतही नाहीत. क्षेत्र ६ ला ०.८२. क्षेत्र ०.६ ला ६.९. क्षेत्र ०.०६ ला १३.८, आणि आता सगळे थर एका साच्यात घट्ट. या अवस्थेत एकेका थरातला स्पिन हलत नाही. म्हणून प्रत्येक फेरीत एक स्पिन सगळ्या ३० थरांत एकदम उलटायची चालही ठेवा. ती विसरली की शेवटचा तिसरा हिस्सा नुसता पंखा फिरवतो.

थरांची संख्या इथली सर्वांत नाजूक गोष्ट. २००२ साली सांतोरो, मार्तोन्याक, तोसात्ती आणि कार यांनी सपाट स्पिन ग्लासवर ही पद्धत साध्या अनीलिंगला मागे टाकते असं दाखवलं. २०१५ साली हाइम, रोनो, इसाकोव्ह आणि ट्रॉयर यांनी थर अनंताकडे नेऊन पाहिलं तेव्हा तो फायदा मावळला. तो भौतिकीतून आलेला नव्हता, थर मोजके ठेवल्यातून आला होता. तेव्हा ३० थरांवर जिंकलात तर ६० आणि १२० वरही चालवा. फायदा टिकला तरच ‘क्वांटम’ हा शब्द वापरा. नाही टिकला तरी एक चांगली साधी पद्धत हाती लागली, त्यात कमीपणा काही नाही.

तिसरी गोष्ट खरं यंत्र. डी-वेव्हच्या ‘अॅडव्हांटेज’ यंत्रात (२०२०) ५,००० हून अधिक क्युबिट (यंत्रातले स्पिन), प्रत्येकाला १५ शेजारी, तापमान साधारण १५ मिलिकेल्विन. त्यांचं ओशन हे साधन वापरताना पहिलं काम चिन्ह उलटण्याचं: तिथे ऊर्जेत पुढे उणे नसतो. हे राहिलं तर यंत्र इमानेइतबारे सर्वांत वाईट बैठक शोधून देतं. पुढचं काम कोडं यंत्राच्या जाळीत बसवण्याचं. ज्या स्पिनला जागच्या जागी पुरेसे शेजारी मिळत नाहीत त्याच्यासाठी अनेक क्युबिटांची साखळी करावी लागते. प्रत्येकाचं प्रत्येकाशी नातं असलेलं कोडं असेल तर ५,००० क्युबिटांत जेमतेम पावणेदोनशे स्पिन मावतात.

साखळीचा जोर सर्वांत मोठ्या जोडणीच्या १ ते १.५ पट ठेवून सुरू करा. कमी पडला तर साखळ्या तुटतात. जास्त झाला तर कमाल मर्यादेत बसवताना मूळ जोडण्या दबून गोंगाटात हरवतात. ७ ने भागून मिळवलेलं ०.१४ चं अंतर मग ०.१ च्याही खाली जातं. एकाच मांडणीत हजार वाचनं घेण्याऐवजी दहा मांडण्यांत शंभर-शंभर घ्या. प्रत्येक मांडणीत यदृच्छेने काही स्पिनांची चिन्हं उलटायची, त्यांच्या जोडण्याही त्याप्रमाणे, आणि उत्तर परत सुलटं करायचं. क्युबिटांचा एका बाजूला असलेला कल यातून सरासरीत निघून जातो.

घड्याळ

एका खेपेचा (पद्धत सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा चालवण्याचा) वेळ आणि त्या खेपेत खरं उत्तर मिळण्याची शक्यता या दोन आकड्यांतून ९९ टक्के खात्रीचा वेळ काढतात: खेपेचा वेळ × लॉग(०.०१) ÷ लॉग(१ − शक्यता). समजा १ मिलिसेकंदाच्या खेपेत यश २ टक्के. मग २२८ खेपा, २२८ मिलिसेकंद. ५ मिलिसेकंदांत २० टक्के असेल तर जवळपास २१ खेपा, १०३ मिलिसेकंद. ३० मिलिसेकंदांत ६० टक्के असेल तर ५ खेपा, १५१ मिलिसेकंद. यश सर्वाधिक तिसऱ्यात, पण सर्वांत स्वस्त दुसरी. प्रत्येक पद्धतीसाठी आणि प्रत्येक आकारासाठी हा सर्वांत कमी वेळेचा तळ वेगळा शोधायचा: १०, ३०, १००, ३०० असं करत लाख फेऱ्यांपर्यंत जा, प्रत्येकी हजार खेपा.

हे न करता एकच ठरावीक लांब खेप सगळ्या आकारांना लावली की छोट्या कोड्यांवर वेळ उधळला जातो, आलेख सपाट दिसतो आणि ‘मोठ्या आकारालाही वेळ वाढत नाही’ असा भास होतो. २०१४ साली रोनो, ट्रॉयर आणि सहकाऱ्यांनी ५०३ क्युबिटांच्या डी-वेव्ह टू वर हा सापळा टाळून मोजलं आणि सरसकट वेगवाढीचा पुरावा मिळाला नाही. यंत्राचा तळ त्याच्या सर्वांत छोट्या परवानगीच्या वेळेलाच आला, तर तो तळ खरा नाही. खरा त्याहून खाली असू शकतो.

हजार खेपांत एकदाही यश नसेल तर शक्यता शून्य लिहू नका. ९५ टक्के खात्रीने ती ०.३ टक्क्याहून कमी आहे एवढंच लिहा. शंभर कोड्यांची सरासरीही काढू नका, दोन-चार हट्टी कोडी ती पळवून नेतात. मध्यक घ्या आणि सोबत ९० वं शतमान द्या.

थरांच्या पद्धतीची एक फेरी ही साध्या तीस फेऱ्यांइतकी महाग. हे विसरून काढलेले आलेख अजूनही दिसतात. यंत्राच्या बाबतीत अनीलिंगचे २० मायक्रोसेकंद वेगळे लिहा, वाचनाचा वेळ वेगळा, कोडं भरण्याचे मिलिसेकंद वेगळे. घरच्या इंटरनेटचा वेळ कुठेच धरू नका, पण वगळला असं स्पष्ट लिहा.

आणि प्रतिस्पर्धी तगडा ठेवा. २०१६ साली गूगलच्या गटाने ९४५ चलांच्या कोड्यांवर यंत्र साध्या अनीलिंगच्या सुमारे दहा कोटी पट वेगवान असल्याचं दाखवलं. आकडा खरा होता, पण कोडी मुद्दाम उंच-अरुंद अडथळ्यांची बनवलेली होती आणि क्युबिटांचे गट एकदम उलटणाऱ्या साध्या पद्धती तिथे जवळपास बरोबरीने उभ्या राहत होत्या. म्हणून साध्या अनीलिंगसोबत किमान पॅरलल टेम्परिंग तरी चालवा: १५ ते २० तापमानांच्या प्रती, दर फेरीला शेजाऱ्यांची अदलाबदल, स्वीकार २० ते ४० टक्के राहील असं अंतर. २०२५ मध्ये डी-वेव्हच्या गटाने सायन्समध्ये जाहीर केलेला दावा गतिमान क्वांटम प्रणालीच्या नकलेबद्दल होता, किमान ऊर्जा शोधण्याबद्दल नव्हे. त्यालाही साध्या संगणकावरून आव्हानं आलीच. तुमच्या तुलनेत तो पुरावा म्हणून ओढू नका.

शेवटी हवामान. एप्रिल-मे महिन्यांत एसी नसलेल्या खोलीत लॅपटॉपचा प्रोसेसर तापून आपणहून मंद होतो, आणि दुपारची खेप पहाटेच्या खेपेपेक्षा हळू निघते. म्हणून मुख्य हिशेब फेऱ्यांत ठेवा आणि एका फेरीचा वेळ थंड यंत्रावर वेगळा मोजून नंतर गुणा. दोन पद्धती लागोपाठ चालवू नका, कोडी आलटून पालटून द्या, नाहीतर दुसरीच्या वाट्याला तापलेलं यंत्र येतं. पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नसतो. प्रत्येक खेपेनंतर कोड्याचा बीजांक, खेपेचा बीजांक, फेऱ्या, मिळालेली ऊर्जा आणि वेळ अशी एक ओळ लगेच फाइलमध्ये लिहा, आणि सुरू होताना प्रोग्रॅमने ती फाइल वाचून झालेल्या खेपा वगळाव्यात.